परळची पेशीशाळा

हिंदमातेच्या चौकांतून परळकडे निघालें कीं आपण भारतीय जीवविज्ञानाच्या इतिहासांतच पाऊल टाकतों. परळच्या जुन्या राजभवनांत १८९९ सालीं हाफकिन यांची प्लेग-संशोधनशाळा आली. लस शोधणारे हे गृहस्थ वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते! पुढें १९४१ सालीं शेजारींच टाटा रुग्णालय उघडलें, आणि तेथें डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं कमलाबाई रणदिवे काम करूं लागल्या.

पूर्वाश्रमीच्या त्या समर्थ. जन्म पुणें, १९१७. वडील फर्ग्युसनमध्यें जीवशास्त्राचे अध्यापक. तरी मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टरच वरावा, अशी त्यांची इच्छा. मुलीनें जीवशास्त्र धरलें आणि गणितज्ञ वरिला. १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. मिळवून त्या बाल्टिमोरला गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रांत, जिवंत पेशी वाढविण्याची विद्या त्यांनीं तेथें आत्मसात केली; आणि परतल्यावर परळला देशांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

‘वैद्यकीचा प्रवेश हुकला, आतां जीवविज्ञान घ्या,’ असें आजहि घरोघर म्हणतात. आम्हांस हें उफराटें वाटतें. कमलाबाईंनीं तें नाइलाजानें घेतलें नव्हतें. लस-कारखाने, निदानशाळा, अध्यापन, संशोधन अशा वाटा या विद्येला मोकळ्या आहेत. मात्र संशोधनाची वाट लांबची, आणि उत्पन्न उशिराचें. हें मुलांना आधींच स्पष्ट सांगावें, आणि मग निवड त्यांच्यावर सोपवावी. समर्थांच्या घरीं अखेर तेंच घडलें.