डॉ. मा. स. गोरे : समाजकार्याचे अध्यापन आणि एक मराठी वंशवेल



समाजकार्यासारखा विषय मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने व्याख्यानासाठी घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आपल्या वडोद्याचा इतिहास आणि मराठी विचारपरंपरा यांची सांगड घातलेली आवडत असे, आणि डॉ. माधव सदाशिव गोरे यांच्या कारकीर्दीत ती सांगड मला अनपेक्षितपणे आढळली.

आपल्या देशात समाजकार्याचे रीतसर उच्च शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या त्या शाळेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशर्ट हे नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. आपल्याकडे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि पाठोपाठ तेथेही समाजकार्याची विद्याशाखा आली. अभ्यासक्रमाचा साचा मात्र बहुतांशी अमेरिकेतला. व्यक्ती अडचणीत आहे, प्रशिक्षित कार्यकर्त्याने तिला परिस्थितीशी जुळवून घेण्यास साहाय्य करावे, अशी त्याची धाटणी. जेथे दारिद्र्य आणि जात ही समाजरचनेचीच दुखणी आहेत, तेथे हा साचा कितपत पुरणार होता?

गोरे यांचा जन्म १९२१ सालचा, हुबळीचा. ते दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयाचे प्राचार्य होते. १९६२ पासून वीस वर्षे त्यांनी टाटा संस्थेचे संचालकपद सांभाळले आणि त्यानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पदांची यादी वाढविण्यात अर्थ नाही. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. शहर आणि शिक्षण यांच्यापुढे एकत्र कुटुंब मोडून पडणार, असे त्या काळी सर्रास बोलले जाई. गोरे यांनी दिल्ली परिसरातील अग्रवाल कुटुंबांत जाऊन ते तपासले. त्यावर १९६१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि १९६८ मध्ये ‘अर्बनायझेशन अँड फॅमिली चेंज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष संयमी होता : फरक पडतो, पण थोडा, आचार आणि वृत्ती अजून बव्हंशी एकत्र कुटुंबाच्याच आहेत. आपल्या विद्यापीठातील आय. पी. देसाई महुव्याच्या कुटुंबांविषयी त्याच सुमारास काहीसे असेच सांगत होते : चुली वेगळ्या झाल्या म्हणजे नाती तुटली असे नव्हे.

१९७१ ते ७३ या काळात पोलीस प्रशिक्षणाविषयीच्या केंद्रीय समितीचे अध्यक्षपद याच समाजकार्याच्या अध्यापकाकडे होते. शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या शिक्षणाचा विचार त्या समितीने केला. लाठीबरोबर समाजाचे ज्ञानही हवे, हे सरकारदरबारी मांडणे सोपे नसावे.

परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत धीट काम निवृत्तीनंतरचे आहे. १९८९ मध्ये महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर, १९९० मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्यावर आणि १९९३ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर, असे तीन ग्रंथ त्यांनी लिहिले. हे विषय सहज सुचलेले नव्हेत, असे मला वाटते. आयुष्यभर शिकविलेल्या शास्त्राला या मातीतले पूर्वज शोधून देण्याचा तो उद्योग होता.

शिंदे जमखंडीचे. विद्यार्थिदशेत त्यांना सयाजीराव महाराजांचे साहाय्य झाले. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, आणि त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ १९३३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या शाळेआधी तीन वर्षे, प्रसिद्ध झाला. वस्तीत राहून काम आणि त्याच प्रश्नाचे संशोधन, दोन्ही एका माणसाने मराठीत केले होते! आम्ही मराठीचे अध्यापक त्यांना गद्यकार म्हणून शिकवीत होतो, एवढेच.

आणि तरीही ते पुरेसे नव्हते. मिशनचा कारभार अस्पृश्यांच्याच हाती असावा, असा आग्रह पुढे उभा राहिला. आंबेडकर १९१३ मध्ये वडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते. दुसऱ्याच्या कनवाळूपणावर आपल्या लोकांचे हक्क अवलंबून ठेवायला ते तयार नव्हते. उपकार करणाऱ्याला कोणी नेमले, हा प्रश्न समाजकार्याच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी विचारायला हवा. गोरे यांनी शिंद्यांनंतर आंबेडकरांकडे वळून तो शास्त्रापुढे ठेवला. शिंद्यांना कमी न लेखता ठेवला, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे एकाची पूजा बांधायची तर दुसऱ्याची मूर्ती हलवावी लागते.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत, याची मला प्रथम खंत वाटली होती. पण काही वर्षांपूर्वी समाजकार्याच्या विद्याशाखेतील एक मुलगी माझ्याकडे आली. आडनाव मराठी, आजोबा याच शाळेचे. हिची मात्र मराठी बोलण्यापुरती, वाचन गुजराती आणि इंग्रजीत. गोरे यांच्या ग्रंथातून तिला शिंदे भेटले होते आणि आता मूळ मराठी वाचायचे होते. दोन महिने दर रविवारी आम्ही ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ वाचला. ती अक्षर लावीत वाचे, मी अर्थ सांगे. तिसऱ्या रविवारपासून अर्थही तीच सांगू लागली.