कंट्री संगीताची ‘परंपरा’ कोणी आखली?

१/१४
ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार सोहळा दूरचित्रवाणीवरून प्रसारित होत होता. वर्षातील सर्वश्रेष्ठ कलाकाराचे नाव जाहीर करण्यासाठी गायक चार्ली रिच मंचावर आला. त्याने पाकीट उघडले, खिशातून लायटर काढला, आतल्या कागदाला आग लावली आणि तो जळत असतानाच नाव घोषित केले: जॉन डेन्व्हर.
रिच नशेत होता, थट्टा करत होता की निषेध करत होता, यावर आजही एकमत नाही. पाहणाऱ्यांनी मात्र एकच अर्थ काढला. डेन्व्हरसारखा लोकप्रिय पॉप गायक हा ‘खरा’ कंट्री गायक नव्हे.
हे ‘खरे’पण कोणी आणि केव्हा ठरवले, त्याचा हा इतिहास.

२/१४
जून १९२३. ओकेह या ध्वनिमुद्रण कंपनीचा राल्फ पिअर जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी आला. तेथील विक्रेता पोल्क ब्रॉकमन याच्या आग्रहावरून त्याने ‘फिडलिन’ जॉन कार्सन या प्रौढ वादकाचे गायन आणि फिडलवादन मुद्रित केले. (फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतातले त्याचे घरगुती नाव.) पिअरला ते गायन मुळीच आवडले नाही. कंपनीच्या सूचीत क्रमांकही न देता ५०० तबकड्या काढून ब्रॉकमनकडे पाठवण्यात आल्या.
त्या हातोहात खपल्या. दक्षिणेतील गरीब, ग्रामीण गौरवर्णीय माणूसही तबकडी विकत घेतो, हा शोध कंपन्यांना त्या दिवशी लागला. कंट्री संगीताचा व्यवसाय येथून सुरू होतो.

३/१४
तीनच वर्षांपूर्वी, १९२० मध्ये, याच कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूज तबकडी काढून कृष्णवर्णीय ग्राहकांची मोठी बाजारपेठ शोधली होती. आता दोन गिऱ्हाइके झाली आणि कंपन्यांनी दोन याद्या केल्या. कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या, तर ग्रामीण गौरवर्णीयांच्या मालिकेला कोठे ‘जुन्या चाली’ तर कोठे ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी गावंढळ, असे नाव मिळाले. कोलंबिया कंपनीने तर १४००० पासूनचे क्रमांक एका वर्णाला आणि १५००० पासूनचे दुसऱ्या वर्णाला नेमून दिले.
ही विभागणी विक्रीच्या सोयीसाठी केलेली होती. पुढे तीच संगीताची वंशावळ मानली गेली.

४/१४
प्रत्यक्षात हे संगीत संमिश्र होते. फिडल आणि अनेक कथागीते ब्रिटन-आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकारांची. बॅन्जोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवले. मळ्यांवरच्या नृत्यांना फिडलची साथ अनेकदा गुलाम वादकच करत. सरकती स्टील गिटार हवाई बेटांवरून आली.
दक्षिणेत कृष्णवर्णीयांची फिडल-बॅन्जो पथके पुष्कळ होती. पण कंपन्यांना त्यांच्याकडून ब्लूज हवे होते. जी पथके कोणत्याच यादीत बसत नव्हती, त्यांपैकी बहुतेकांचे ध्वनिमुद्रण झालेच नाही. जे मुद्रित झाले तेच पुढे ‘परंपरा’ म्हणून उरले.

५/१४
जुलै-ऑगस्ट १९२७. पिअर, आता व्हिक्टर कंपनीसाठी, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी फिरती मुद्रणसामग्री घेऊन आला. या एकाच मुक्कामात त्याला कंट्री संगीताची दोन आद्य घराणी सापडली. एक कार्टर कुटुंब: ए. पी. कार्टर, पत्नी सारा आणि तिची मावसबहीण मेबेल. त्यांच्या गाण्यांत घर, आई, देऊळ आणि मृत्यू. दुसरा जिमी रॉजर्स, क्षयाने ग्रासलेला माजी रेल्वे कामगार. त्याच्या गाण्यांत प्रवास, दारू, विरह आणि गळ्याला हेलकावे देणारे योडेल.
घराची ओढ आणि वाटेची ओढ: पुढचे शतक हे संगीत या दोन टोकांमध्येच फिरत राहिले.

६/१४
या दोन्ही ‘आद्य’ घराण्यांमागे आणखी माणसे होती. ए. पी. कार्टर गाणी गोळा करण्यासाठी डोंगराळ वस्त्यांतून हिंडे, तेव्हा लेस्ली रिडल हा एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असे. कार्टर शब्द टिपून घेई, चाल रिडल स्मरणात ठेवी. मेबेलही त्याच्याकडून गिटारचे धडे शिकली. तबकड्यांवर नाव मात्र कार्टरचे लागले.
१९३० मध्ये लॉस एंजेलिस येथे रॉजर्सच्या एका ‘ब्लू योडेल’ला ट्रम्पेटची साथ केली ती प्रत्यक्ष लुई आर्मस्ट्राँगने. तबकडीवर त्याचेही नाव नव्हते. वादक एका खोलीत एकत्र बसू शकत होते. सूचीत मात्र नाही.

७/१४
दुसरे मोठे माध्यम म्हणजे नभोवाणी. नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम केंद्र एका विमा कंपनीचे होते. नोव्हेंबर १९२५ मध्ये तेथे ग्रामीण संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि दोन वर्षांनी त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले. संचालक जॉर्ज हे याने गावठी वातावरण जाणीवपूर्वक उभे केले. डॉ. हम्फ्री बेट हे व्यवसायाने वैद्य, पण त्यांच्या पथकाचे नाव ठेवले ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे पॉसम या रानटी प्राण्याचे शिकारी. छायाचित्रांत शहरी कोट जाऊन शेतकऱ्याचे कपडे आले.
श्रोत्यांना हवे असलेले ‘जुने गाव’ नॅशव्हिलच्या स्टुडिओत तयार होत होते.

८/१४
ऑप्रीच्या आरंभीच्या सर्वांत लोकप्रिय कलाकारांत डीफर्ड बेली होता. हार्मोनिकावर धावत्या आगगाडीचा आवाज हुबेहूब काढणारा हा कृष्णवर्णीय वादक. दौऱ्यावर गौरवर्णीय सहकाऱ्यांबरोबर त्याला ना हॉटेलात खोली मिळे, ना खानावळीत जागा. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचे दुकान चालवून चरितार्थ केला. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला २००५ मध्ये.

९/१४
संगीत मात्र थांबले नव्हते. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, ‘हाँकी-टाँक’ म्हणवले जाणारे गुत्ते वाढले. त्या गोंगाटात नुसत्या लाकडी गिटारचा आवाज पोहोचेना, म्हणून विजेवरची गिटार आली. बॉब विल्सने फिडल आणि जॅझ एकत्र आणले. १९४४ मध्ये ऑप्रीत त्याने ड्रम वाजवायला लावले, तेव्हा तेथील धुरीण अस्वस्थ झाले.
आणि आज सर्वांत ‘प्राचीन’ वाटणारे ब्लूग्रास? बिल मन्रोच्या पथकात अर्ल स्क्रग्ज त्याच्या तीन बोटांच्या बॅन्जोवादनासह दाखल झाला १९४५ च्या अखेरीस. म्हणजे ब्लूग्रासचे परिचित रूप अणुबॉम्बपेक्षाही धाकटे आहे.

१०/१४
जून १९४९ मध्ये बिलबोर्ड नियतकालिकाने आपल्या याद्यांची जुनी नावे बदलली. ‘रेस’चे झाले ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘फोक’चे झाले ‘कंट्री अँड वेस्टर्न’. नावे सभ्य झाली, रेषा तीच राहिली.
त्याच महिन्यात हँक विल्यम्स ऑप्रीच्या मंचावर प्रथम उभा राहिला. अलाबामात लहानपणी त्याला संगीताचे धडे देणारा रुफस पेन हा रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. १ जानेवारी १९५३ रोजी, अवघ्या २९ व्या वर्षी, विल्यम्स मोटारीच्या मागच्या आसनावर मृतावस्थेत आढळला. ‘अस्सल कंट्री’ची मोजपट्टी म्हणून तोच कायमचा मानला गेला.

११/१४
पाठोपाठ रॉक अँड रोलचे वादळ आले आणि तरुण श्रोते तिकडे वळले. चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी त्यावर तोड काढली: फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनवृंद आणि मंद समूहस्वर पुढे आणले. या ‘नॅशव्हिल साउंड’ने पॅट्सी क्लाइनला शहरी घरांत पोहोचवले.
कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे, दुष्काळ आणि मंदीमुळे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांच्या वस्तीत, बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड यांनी याला कर्कश विद्युत गिटारने उत्तर दिले. १९६५ मध्ये ओवेन्सने जाहिरात देऊन कंट्रीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. त्याच महिन्यात आलेल्या त्याच्या अल्बमवर चक बेरीचे एक गाणे होते!

१२/१४
चार्ली प्राइडची पहिली तबकडी १९६६ मध्ये नभोवाणी केंद्रांकडे छायाचित्राविना पाठवण्यात आली. तो कृष्णवर्णीय आहे हे कळण्याआधी निवेदकांनी आवाज ऐकावा, असा हेतू होता. आवाज जिंकला. १९७१ मध्ये प्राइड कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वश्रेष्ठ कलाकार ठरला. पण त्याच्या मागून दरवाजा सताड उघडला नाही. कित्येक दशके तो जवळजवळ एकटाच अपवाद राहिला.
येथे पुन्हा चार्ली रिचकडे यावे लागते. १९७५ मध्ये कागद जाळणारा हा गायक स्वतः जॅझ आणि रॉक अँड रोलमधून आलेला होता. १९७३ मध्ये त्याला कीर्ती मिळाली ती मुलायम, पॉपच्या जवळ जाणाऱ्या गाण्यांनी, आणि १९७४ चा तोच पुरस्कार त्याच्याच नावावर होता. दारात उभा राहून दुसऱ्याला अडवणारा कालपर्यंत स्वतः पाहुणा होता.

१३/१४
यानंतर चक्र फिरतच राहिले. विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्ज यांच्या ‘आउटलॉ’ बंडातून १९७६ मध्ये कंट्रीचा पहिला प्लॅटिनम अल्बम निघाला. ऐंशीच्या दशकात जॉर्ज स्ट्रेट आणि रँडी ट्रॅव्हिस यांनी फिडल आणि स्टील गिटार परत आणली. १९९१ मध्ये बिलबोर्डने अल्बमची प्रत्यक्ष विक्री यंत्राने मोजायला सुरुवात केली. त्याच वर्षी गार्थ ब्रुक्सचा अल्बम सर्वसाधारण यादीत थेट पहिल्या स्थानी उतरला.
मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. ते गाणे सर्वसाधारण यादीत सलग १९ आठवडे पहिले राहिले.

१४/१४
२०२४ मध्ये बियॉन्से कंट्रीच्या मुख्य यादीत अग्रस्थानी पोहोचणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्या गाण्याच्या आरंभी बॅन्जो वाजतो. वाजवणारी रियानन गिडन्स ही नॉर्थ कॅरोलायनाची कृष्णवर्णीय कलावंत. ही वाद्यपरंपरा ती जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन शिकली होती. याद्यांनी वगळलेले संगीत अशा घरांमध्ये जिवंत राहिले होते.
‘हे खरे कंट्री नव्हे’ हे वाक्य प्रत्येक पिढीने उच्चारले आहे: ड्रमविषयी, व्हायोलिनवृंदाविषयी, जॉन डेन्व्हरविषयी. ड्रम आत आले, व्हायोलिनवृंदही आला. कृष्णवर्णीय कलावंतांसाठी मात्र दार सर्वांत उशिरा हलले, आणि बॅन्जो तर त्यांच्याच पूर्वजांचा होता.
म्हणून कोणतीही परंपरा तपासताना जुने काय आहे, एवढेच पाहून भागत नाही. पहिली यादी कोणी केली आणि तिच्यात कोणाचे नाव लिहिले गेले नाही, हेही पाहावे लागते.

#इतिहास #संगीताचा_इतिहास #कंट्री_संगीत