माऊसची बटणे आणि पहिल्या दिवसाची सोय

संगणकाच्या माऊसच्या इतिहासात १९६७ सालचा एक शोधनिबंध आहे. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते, जरी त्यात प्रशासनाविषयी एक अक्षरही नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेतील डग्लस एंगलबार्ट, त्यांचे सहकारी बिल इंग्लिश आणि आणखी एक सहलेखक यांनी तो लिहिला. पडद्यावरील एखादा शब्द बोट ठेवल्यासारखा नेमका दाखवायचा असेल तर कोणते साधन चांगले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. लाइटपेन, जॉयस्टिक, ग्राफाकॉन नावाचे एक साधन, टेबलाखाली बसवलेला व गुडघ्याने हलवायचा एक दांडा आणि त्यांनी स्वतः तयार केलेला माऊस, अशी साधने त्यांनी तुलनेसाठी घेतली.

आता गंमत पहा. ज्यांनी ही यंत्रणा पूर्वी कधी वापरली नव्हती, त्यांच्या हाती लाइटपेन आणि गुडघ्याचा दांडा ही दोन्ही साधने माऊसपेक्षा वेगवान ठरली. सरावलेल्या माणसांच्या गटात मात्र माऊस वेगातही पुढे गेला आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. म्हणजे पहिल्याच दिवसाच्या प्रात्यक्षिकावर खरेदी करणारी एखादी समिती तेथे बसली असती, तर आज आपण सारे टेबलाखाली गुडघे हलवीत बसलो असतो. अशा समित्यांवर मी अनेक वर्षे बसलो आहे, म्हणून हे अतिशयोक्तीने लिहीत नाही.

एंगलबार्ट यांचा विचार मुळातच वेगळा होता. संगणकाने माणसाचे काम काढून घ्यावे असे त्यांना वाटत नव्हते. माणसाची बुद्धी आणि कुवत वाढावी, ही त्यांची आस होती. त्यासाठी माणसाने थोडे कष्ट घेऊन शिकावे, ही अपेक्षा त्यांना गैर वाटत नसे. तीन चाकांच्या सायकलवर कोणीही लगेच बसतो, पण दूर जायचे असेल तर दोन चाकांची सायकल शिकावी लागते, हा दाखला ते नेहमी देत. १९६४ साली बिल इंग्लिश यांनी घडवलेला पहिला माऊस म्हणजे लाकडाचा एक ठोकळा होता. त्याखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती आणि वर एकच बटण. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत बटणे तीन झाली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे एक हजार संगणकतज्ज्ञांपुढे एंगलबार्ट यांनी जे नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक केले, त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली तीन बटणांचा माऊस होता.

त्या प्रात्यक्षिकातील माऊस सर्वांच्या लक्षात राहिला. डाव्या हाताखालचे उपकरण मात्र विस्मरणात गेले. ती पियानोसारखी पाच पट्ट्यांची एक छोटी पेटी होती. पाच पट्ट्या एकेक किंवा एकत्र दाबून एकतीस निरनिराळे संकेत देता येत आणि त्यांच्या जोडीला माऊसची बटणे दाबली की ते संकेत आणखी वाढत. उजवा हात जागा दाखवणार, डावा हात आज्ञा देणार आणि दोहोंपैकी कोणालाही जागा सोडावी लागणार नाही, अशी ती योजना होती. आज बाजारात अनेक बटणांचे माऊस मिळतात, ज्यांच्या प्रत्येक बटणाला आपल्याला हवे ते काम नेमून देता येते. अशा माऊसकडे लोक संगणकावरील खेळांचे खूळ म्हणून पाहतात. परंतु त्याचे कुळ त्या पाच पट्ट्यांपर्यंत पोचते.

१९७१ साली बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले आणि माऊसही त्यांच्याबरोबर गेला. तेथे १९७३ साली तयार झालेल्या आल्टो या संगणकाच्या माऊसलाही तीनच बटणे होती. मात्र त्या बटणांचा अर्थ प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीने लावी. स्मॉलटॉक ही भाषा लिहिणाऱ्यांनी त्यांना लाल, पिवळे आणि निळे अशी नावे दिली होती. प्रत्येक मंत्रालयाने आपापली कार्यपद्धती पुस्तिका लिहावी आणि एकीचा परिशिष्ट क्रमांक दुसरीशी जुळू नये, तसला हा प्रकार. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांना तो खटकला. प्रकाशन व्यवसायातील संपादकांसाठी त्यांनी आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा लेखन-प्रोग्रॅम केला. त्यात सामान्य माणसाला न अडखळता काम करता यावे, हा त्यांचा कटाक्ष होता. १९८१ साली झेरॉक्सने स्टार हा संगणक बाजारात आणला तेव्हा निवडीच्या निरनिराळ्या पद्धती माणसांवर तपासून पाहिल्या आणि बटणे दोनवर आणली.

टेस्लर १९८० साली अॅपलमध्ये गेले. तेथील लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांना एकच बटण मिळाले. एका बटणात चूक होऊच शकत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद आणि त्यात तथ्यही होते. परंतु कामे तर एकाहून अधिक होती. ती गेली कोठे? एकाच बटणावर दोनदा झटपट टिचकी, एखादी कळ दाबून धरून टिचकी, बटण दाबून खाली ओढणे, अशा रूपांनी ती परत आली. १९९० च्या दशकात आपल्याकडील कार्यालयांत संगणक-प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा वीस-वीस पानांची निर्दोष टिप्पणी लिहिणारे ज्येष्ठ अधिकारी त्या दोन टिचक्यांपाशी हतबल झालेले मी पाहिले आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीमध्ये हात किंचित सरके आणि फाइल उघडण्याऐवजी आपली जागा सोडून भलतीकडेच जाऊन बसे. संगणकशास्त्रात टेस्लर यांच्याच नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी वाट्याला जाते, प्रश्न फक्त कोणाच्या, एवढाच. एकबटणी माऊसचा पुरस्कर्ताच या नियमाचा कर्ता असावा, हे मला फार बोलके वाटते. अॅपलने स्वतःचा पहिला अनेक बटणांचा माऊस २००५ साली बाजारात आणला.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगता येईल. मायक्रोसॉफ्टने १९८३ पासून दोन बटणे ठेवली, विंडोज ९५ मध्ये उजव्या बटणाला प्रसंगानुरूप यादी उघडण्याचे काम मिळाले, १९९६ साली मध्ये चाक आले, १९९९ साली अंगठ्याशी आणखी दोन बटणे आली. अभियंते आणि नकाशाकार तर १९८० च्या दशकातच चार, बारा किंवा सोळा बटणांचे हातसाधन वापरीत होते. ऑटोकॅडमध्ये त्या प्रत्येक बटणाला काम नेमून देण्याची सोय होती. २००९ साली खेळाडूंसाठी एका अंगठ्याखाली बारा बटणे असलेला माऊस निघाला. त्याच वर्षी ओपनऑफिस या मुक्त कार्यालयीन संचासाठी म्हणून अठरा बटणांचा एक माऊस जाहीर झाला आणि त्याची जगभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांचे मी समजू शकतो. अठरा बटणे पाहून पहिल्या दिवशी कोणालाही हसूच येईल.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हसण्यापेक्षा हिशेब करावासा वाटतो आणि त्याचे साधनही उपलब्ध आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अॅलन न्यूएल यांनी १९८० साली संगणकावरील हालचालींचे सरासरी वेळ मांडले. माऊसने एखाद्या जागी निर्देश करण्यास १.१ सेकंद, बटणाची टिचकी ०.२ सेकंद आणि पुढे काय करायचे हे मनात जुळवण्यास १.३५ सेकंद. मेनू उघडून त्यातील एक आज्ञा निवडणे म्हणजे दोन निर्देश आणि दोन टिचक्या, एकूण २.६ सेकंद. तीच आज्ञा बोटाखालच्या बटणावर असेल तर ०.२ सेकंद. बचत २.४ सेकंद. दिवसाला अशा तीनशे आज्ञा धरल्या, तर बारा मिनिटे वाचतात. वर्षात कामाचे दिवस २४० धरले तर ४८ तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण सहा दिवस.

मात्र याच हिशेबात धोक्याची सूचनाही आहे. ‘कोणते बटण बरे?’ असे एकदा थांबावे लागले की १.३५ सेकंद गेले. दोनदा थांबावे लागले तर सगळी बचत संपून तोटा सुरू होतो. म्हणून बटणांची संख्या महत्त्वाची नाही. ती बटणे कोणी नेमली, हे महत्त्वाचे. स्वतः लावलेल्या फडताळातील वस्तू अंधारातही सापडते. दुसऱ्याने लावलेल्या फडताळात दिवा लावूनही शोधावे लागते. आपल्या देवनागरी टंकलेखनाचा इतिहासही येथे आठवतो. १९८६ साली शासनाने मान्य केलेली इन्स्क्रिप्ट ही कळपट्टीची रचना वर्णमालेच्या क्रमाला धरून आहे, आठवडाभर चिकाटी धरली तर ती बोटांत बसते. पण रोमन अक्षरांतून मराठी टंकित करण्याची पहिल्या दिवसाची सोय इतकी मोहक होती की असंख्य सुशिक्षितांनी तो आठवडा कधी दिलाच नाही. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सरकारी कार्यालयांत माऊस ही किरकोळ उपभोग्य वस्तू गणली जाते. तिचा विनिर्देश एका ओळीचा असतो: दोन बटणे, मध्ये चाक, यूएसबी जोडणी. विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, त्याचा माऊस येतो. हा माऊस कोण किती तास वापरणार, हा प्रश्न त्या कागदावर कोठेही नसतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीमुळे गेल्या दशकात आमच्या फायली पडद्यावर आल्या. त्यानंतर एका सहायकाचा उजवा हात दिवसभर जे करतो, ते पूर्वी दोन्ही हात, दोन डोळे आणि एक शिपाई मिळून करीत असत. जाडजूड फाइलमध्ये बोट घालून मागचे पान धरून ठेवण्याची सोय गेली. आता मागे जा, पुढे या, मोठे करा, लहान करा, मजकूर उचला, येथे चिकटवा.

आमच्या विभागातील एका सहायक कक्ष अधिकारी बाईंचे मनगट या कामाने दुखू लागले. डॉक्टरांनी हालचाल कमी करण्यास सांगितले. त्यांनी अंगठ्याशी सहा बटणे असलेला माऊस मिळावा, अशी विनंती लेखी सादर केली. किंमत साध्या माऊसच्या काही पट, पण एकूण रक्कम क्षुल्लक. मागणी परत आली. शेरा होता, ‘विहित विनिर्देशात बसत नाही.’ मी तिच्यावर पुन्हा टिप्पणी लिहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सुविधा देण्याचे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे, हे मी नमूद केले. उत्तर आले की बाईंकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही. ते खरेच होते. हात निकामी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबा, असा त्याचा अर्थ होतो, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे.

तिसऱ्या वेळी एक वेगळा आक्षेप आला आणि तो मला विचार करण्याजोगा वाटला. सर्वांची साधने सारखी असली म्हणजे कोणीही कोणाच्याही जागी बसून काम चालवू शकतो. बदली हा ज्या सेवेचा प्राण आहे, तेथे एकसारखेपणाचे मोल मी नाकारणार नाही. परंतु टेबल आणि माऊस यांत फरक आहे. टेबल जागेचे असते. माऊस हाताचा असतो, चष्म्यासारखा. बटणांची मांडणी माऊसच्या आतल्या स्मृतीत साठवता येत असेल, तर संगणकावर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही आणि बदलीच्या वेळी माणूस आपला माऊस खिशात घालून जाऊ शकतो. हे मी लिहिले. फाइल अद्याप फिरते आहे.

बाईंनी वाट पाहिली नाही. स्वतःच्या पैशाने माऊस घेतला आणि घरच्या संगणकावर त्याची बटणे नेमून आणली. संगणक कक्षाने तो तपासला आणि वापरण्यास हरकत नाही असे तोंडी सांगितले. लेखी देण्यास कोणी तयार झाले नाही. मागचे पान, पुढचे पान, मोठे, लहान, उचला, चिकटवा, अशी सहा कामे सहा बटणांवर गेली. त्यांचे मनगट पूर्ण बरे झाले नाही, पण वेदनाशामक मलमाची नळी टेबलावरून ड्रॉवरमध्ये गेली.

शेजारच्या एका तरुण सहकाऱ्याने ते पाहून तसाच माऊस आणला आणि एका बटणावर ‘प्रस्ताव नियमानुसार असून मान्यतेस्तव सादर’ हे वाक्य नेमण्याचा बेत केला. त्याला मी हरकत घेतली. पान उलटणे वेगाने व्हावे, ते केवळ श्रम आहेत. नियमानुसार आहे की नाही, हे ठरवायला लागणारा वेळ हा श्रम नव्हे, त्यासाठीच शासन आपल्याला वेतन देते. तो म्हणाला, ‘सर, हे वाक्य मी तसेही न वाचताच चिकटवतो.’ त्याच्या प्रामाणिकपणाला माझ्याकडे तत्काळ उत्तर नव्हते. त्याच्याकडून येणाऱ्या फायलींतील ते वाक्य मी तेव्हापासून वाचत नाही, त्याच्या वरचा परिच्छेद दोनदा वाचतो.