छायाचित्रांची पुष्पिका

वर्धा जिल्ह्यांत धाम नदीच्या कांठीं पवनार येथें विनोबांचा आश्रम आहे. तेथील जमीन खणतांना जुनीं शिल्पें निघालीं. म. म. मिराशी यांनीं पवनार हेंच वाकाटकांचें प्रवरपुर असें प्रतिपादिलें. दुसरे कित्येक विद्वान् तो मान मनसरला देतात. असा वाद असतां शिल्पाचें छायाचित्र हाहि पुरावाच होय. मात्र तें केव्हां घेतलें हें ठाऊक पाहिजे.

वीस वर्षांपूर्वींच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली, कॅननची सीआरडब्ल्यू किंवा निकॉनची एनईएफ, ह्या त्या त्या कंपनीच्या जणूं खाजगी लिपीच होत. अडोबीनें २००४ सालीं काढलेल्या डीएनजीचें विवरण सर्वांस खुलें आहे. म्हणून तींत रूपांतर करून ठेवणें इष्ट.

परंतु पोथीच्या नकलेंत रचनाशक व लेखनशक यांची गल्लत होते, तशीच येथेंहि होते. संगणक नव्या फाइलीवर रूपांतराची तारीख दाखवितो. चित्र घेतल्याची तारीख आंत एक्झिफमध्यें असते. स्थळनामादि टिपणें पुष्कळदां शेजारच्या एक्सएमपी फाइलींत असतात. ती मागें राहिली कीं पुष्पिका गळालीच. यास्तव रूपांतरानंतर दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. एक्झिफटूल हें विनामूल्य साधन त्यास पुरतें. एक्झिफची तारीखहि कॅमेऱ्याच्या घड्याळावरून पडते. तें चुकलें असल्यास तारीखहि चुकते. म्हणून रोजनिशीशीं मेळ घालावा.

मूळ फाइल मात्र टाकूं नये, असें आमचें मत आहे. नक्कल शुद्ध उतरली म्हणून मूळ पोथी कोणी नदींत सोडीत नाहीं.