पाण्याखालची नजर: पाणबुड्यांच्या चष्म्याचा इतिहास

१/१५
पाण्यात बुडी मारून डोळे उघडले की गरुडासारखी नजर असलेला माणूसही क्षणार्धात अधू होतो. समोरचा हात म्हणजे एक धूसर डाग भासतो. मग ज्याला जमिनीवरही चष्म्यावाचून दिसत नाही, त्याने समुद्रतळ पाहायचाच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला काही शतके लागली. हा धागा त्या शोधाचा.

२/१५
आधी कारण समजून घ्यावे. मानवी डोळ्याची एकूण भिंगशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती आतल्या भिंगाची नसून बाहेरच्या पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची असते. हवेतून येणारा प्रकाश या वक्र पडद्यावर वळतो आणि दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते.

३/१५
हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि पारपटलाचा सुमारे १.३८. पाणी आणि पारपटल यांच्यात फरकच उरत नाही, म्हणून प्रकाश तेथे वळत नाही. डोळा ४० डायॉप्टरांहून अधिक शक्ती एकदम गमावतो. गंमत अशी, की उघड्या डोळ्यांनी पाण्यात उतरल्यास निकटदृष्टीच्या माणसाची अवस्था निरोगी डोळ्याच्या माणसापेक्षा किंचित बरी असते. कारण त्याच्या डोळ्याकडे थोडी शक्ती मुळातच अधिक असते.

४/१५
हे सिद्ध केले थॉमस यंग या इंग्रज वैद्याने. नोव्हेंबर १८०० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिले. सूक्ष्मदर्शकाचे एक लहान भिंग खोबणीत मेणाने बसवून त्याने त्यात पाणी भरले आणि ती खोबणी स्वतःच्या उघड्या डोळ्याला लावली. पारपटल पाण्यात बुडाले, त्याची शक्ती संपली. आणि तरीही जवळच्या व दूरच्या वस्तूंवर नजर स्थिरावण्याची डोळ्याची क्षमता शाबूत राहिली.

५/१५
यंगला पाणबुड्यांशी काही देणेघेणे नव्हते. नजर जवळ-दूर जुळवण्याचे काम आतले भिंग करते, पारपटल नव्हे, एवढेच त्याला दाखवायचे होते. पण त्याच्या प्रयोगात पाण्याखालच्या दृष्टीचे सारे शास्त्र सामावले आहे. पाण्याने हिरावलेली शक्ती दोन मार्गांनी परत मिळू शकते: डोळ्यापुढे प्रबळ भिंग ठेवून, किंवा डोळ्यापुढे पुन्हा हवा आणून.

६/१५
दुसरा मार्ग लोकांनी शास्त्राच्या आधीच शोधला होता. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इराणच्या आखातातील मोती काढणाऱ्यांचे वर्णन करतो, त्यात कासवाच्या कवचापासून केलेल्या मुखावरणाचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओकिनावाच्या इतोमान येथील मच्छीमार लाकडी चौकटीत काच बसवलेले जलचष्मे वापरू लागले, आणि जपानच्या 'आमा' पाणबुड्या स्त्रियांपर्यंतही काचेचे चष्मे पोहोचले.

७/१५
या चष्म्यांत एक जीवघेणी खोड होती. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि चष्म्यात अडकलेली हवा निम्म्या जागेत आकसू पाहते. काच तर आकसत नाही. मग पोकळी भरण्यासाठी डोळाच बाहेर ओढला जातो, केशवाहिन्या फुटतात, डोळे रक्ताळतात. आमांच्या काही चष्म्यांना म्हणूनच बाजूला लहान फुगे जोडलेले असत. पाणी फुगा दाबे, फुग्यातली हवा चष्म्यात शिरे आणि दाब समतोल राही. साध्या हातांनी केलेला हा शोध फार मोठा होता.

८/१५
युरोपात १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबे याने धातूचे शिरस्त्राण असलेला पाणबुडी पोशाख घडवला. शिरस्त्राणात हवा असल्यामुळे आत नेहमीचा चष्मा घालणे तत्त्वतः शक्य होते. पण तो घसरला किंवा त्यावर वाफ धरली, तर नाकापर्यंत हात पोहोचायला वाटच नव्हती.

९/१५
१९३६ मध्ये फ्रान्सच्या तूलाँ शहराजवळ झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने जलचष्मा लावून समुद्रात डोके घातले आणि त्याचे आयुष्य पालटले. त्याच दशकात फ्रेंच किनाऱ्यावर नाकासह डोळे झाकणारा एकसंध मुखवटा आकाराला आला. नाक आत घेतल्याने आमांच्या फुग्यांचे काम आता नाकातून हलकेच सोडलेला श्वास करू लागला. १९४३ मध्ये कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी श्वसनयंत्र सिद्ध केले आणि स्कूबाचे युग उघडले.

१०/१५
पण अधू नजरेचा प्रश्न येथे अधिकच अवघड झाला. चष्म्याच्या दांड्या मुखवट्याच्या रबरी कडेखाली आल्या की फट पडते आणि पाणी आत शिरते. म्हणून पाणबुड्यांनी दांड्या मोडून उरलेली चौकट मुखवट्यात अडकवण्यासारखे उपाय केले. स्कूबात नजर ही चैन नव्हे. टाकीत किती हवा उरली, किती खोल आलो, सोबती कोठे आहे, हे सारे डोळ्यांनीच कळते. काटा वाचता आला नाही तर जीव जाऊ शकतो.

११/१५
टिकाऊ तोडगा निघाला तो मुखवट्याच्या काचेतच क्रमांकाचे भिंग बसवण्याचा. त्यामागची युक्ती सुरेख आहे: काचेची पाण्याकडची बाजू सपाट ठेवायची आणि सारा वक्राकार आतल्या, हवेच्या बाजूस द्यायचा. सपाट पृष्ठभागाला स्वतःची भिंगशक्ती नसते, म्हणून त्या बाजूस हवा असो वा पाणी, चष्म्याचा क्रमांक तोच राहतो.

१२/१५
सपाट काचेमुळे पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ भासतात. याचा फायदा सौम्य निकटदृष्टीच्या माणसाला होतो; लहान क्रमांक असल्यास त्याचे पुष्कळदा भिंगावाचूनही भागते. चाळिशी लागलेल्याची मात्र अडचण वाढते, कारण हातातला दाबमापक डोळ्याच्या आणखी जवळ आल्यासारखा होतो. त्यासाठी काचेच्या खालच्या भागात वाचनाचे छोटे भिंग चिकटवतात.

१३/१५
दुसरी वाट काँटॅक्ट लेन्सची. १८८८ मध्ये झुरिचच्या अडोल्फ फिक याने काचेच्या स्पर्शभिंगांविषयी लिहिले, १९४८ मध्ये केविन टूही याने पारपटलापुरते कडक प्लास्टिकचे भिंग काढले. हे भिंग पाण्याखाली फसवे ठरले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या संशोधकांना दिसले, की दाब उतरताना कडक भिंगाखाली वायूचे बुडबुडे साठतात, पारपटल सुजते आणि नजर धूसर होते. भिंगाच्या मध्यभागी बारीक छिद्र पाडल्यावर हा त्रास टळला.

१४/१५
चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विश्तेर्ले याने १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्याच्या संचातून यंत्र उभारून मऊ भिंगे ओतली. ही भिंगे वायूला वाट देतात, म्हणून पाणबुड्यांना ती मानवली. तरी मुखवट्यात पाणी शिरले आणि डोळे उघडे राहिले तर भिंग वाहून जाते, आणि पाण्यातील जंतूंमुळे डोळ्याला गंभीर संसर्ग होण्याचा धोकाही राहतो. लेसर शस्त्रक्रियेने तिसरी वाट दिली. पण जखम भरेपर्यंत बुडी वर्ज्य. आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत पाण्याखाली जाणे म्हणजे डोळा गमावण्याचा धोका पत्करणे होय.

१५/१५
या साऱ्या भिंगांच्या पलीकडे अंदमान समुद्रातले मोकेन लोक आहेत. २००३ मध्ये आन्ना गिस्लेन या स्वीडिश संशोधिकेने दाखवले, की समुद्रात वाढलेली मोकेन मुले पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुप्पट बारकाईने पाहतात. ती बाहुली कमालीची आकसतात आणि आतल्या भिंगावर पूर्ण ताण देतात. पुढे सरावाने युरोपीय मुलांनाही हे साधले. वयाबरोबर भिंग ताठर होते आणि ही किमया ओसरते. यंगने पाण्याची खोबणी लावून ज्या शक्तीचा ठाव घेतला, तीच शक्ती ही मुले शिंपल्यांच्या शोधात रोज वापरत होती. शास्त्राला ते कळायला मात्र आणखी दोनशे वर्षे लागली.