भोपाळचं लाल रक्त

घाटकोपरहून ट्रॉम्बे कितीसं लांब? रिक्षाने गेलं तर अर्धा-पाऊण तास. तिथेही एकेकाळी युनियन कार्बाइडचा कारखाना होता. त्यामुळे भोपाळ मला परक्या गावाची गोष्ट वाटत नाही.

२-३ डिसेंबर १९८४च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. हीरेश चंद्रांना मृतांचं रक्त चेरीसारखं लाल दिसलं. त्यांना शंका आली सायनाइडची.

सायनाइड पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेझच्या लोहाला चिकटतं. ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो, पण पेशीला तो वापरताच येत नाही. एटीपी बनायचं थांबतं. भरलं ताट समोर, आणि घास गिळता येत नाही! न वापरलेला ऑक्सिजन तसाच परत फिरतो, म्हणून शिरांमधलं रक्तही लालच राहतं.

उतारा स्वस्त होता: सोडियम थायोसल्फेट. त्यातलं गंधक घेऊन शरीर सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे लघवी तपासली की पुरावा हातात. माझ्या मते खरी भानगड इथेच होती. विष फुप्फुसांपलीकडे पोचलं म्हटलं की भरपाईचा हिशेबच बदलतो. कंपनीच्या पहिल्या निरोपात थायोसल्फेटचा उल्लेख होता. पुढे तिने हात झटकले.

आयसीएमआरने हे इंजेक्शन मान्य केलं. मार्च १९८५मध्ये मेडिको फ्रेंड सर्कलचे लोक वस्त्यांमध्ये पाहणी करत फिरले. तरी जूनमध्ये इंजेक्शन देणाऱ्या जन स्वास्थ्य केंद्रावर पोलिसांची धाड पडली. डॉक्टरांना अटक झाली. रुग्णांच्या नोंदीही उचलून नेल्या.