आशाताईंच्या नावाचं विलायती गाणं

१९९८ साली ब्रिटनच्या चार्टवर आशाताईंचं नाव पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. आवाज मात्र त्यांचा नव्हता!

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं लिहिलं तजिंदर सिंगने. इंग्लंडात वाढलेला पंजाबी गडी. त्याच्या बँडचं नाव ‘कॉर्नरशॉप’, म्हणजे आपल्याकडचा नाक्यावरचा पसरो. आशियाई माणूस दुकानच चालवणार, या तिथल्या समजुतीला मारलेला हा टोला. गाण्यात आठवण आहे ती मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची. लता, रफी हेही त्यात येतात. पडद्यावर ओठ हलतात एकीचे आणि गाते दुसरीच, याचं त्याला भारी अप्रूप. शिवाय आशा म्हणजे उमेदही, तो श्लेष वेगळाच.

ऑगस्ट १९९७ मध्ये गाणं आलं आणि ६० व्या क्रमांकावर अडकलं. रेडिओवरच्या जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र वर्षअखेरीस त्याला पहिलं ठरवलं. मग नॉर्मन कूकने (तोच तो फॅटबॉय स्लिम) वेग वाढवून, ठेका ठसठशीत करून ते नव्याने बांधलं. फेब्रुवारी १९९८ च्या अखेरीस ते पहिलं आलं. एकच आठवडा! पुढच्या आठवड्यात मॅडोनाच्या ‘फ्रोझन’ने खाली ओढलं.

मला मूळचं संथ गाणंच आवडतं. कूकचं नाचायला बरं, पण तबकडीवर सुई टेकवल्याची ती घरगुती ऊब त्यात उरत नाही. मंगेशीच्या दीनानाथांची लेक म्हणून आपण गोमंतकीय या यशावर हक्क सांगतो. तजिंदरला भेटलेल्या आशाताई मात्र मंगेशीच्या नव्हत्या, तबकडीतल्या होत्या.